मास्तरांची डावी टाच

"तुझं ते क्रीम मात्र झकास आहे हं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डावा पाय उचलून चहाच्या टेबलावर, माझ्या कपाच्या अगदी शेजारी, आडवा ठेवला. "बघ. टाच कशी झालीय बघ. लहान मुलाच्या गालासारखी."

मास्तर म्हणजे माझा नवरा. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहेत, पण अख्खी इमारत त्यांना मास्तर म्हणते आणि मनातल्या मनात मीही तेच म्हणते. मी वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते. मी आयुष्यात कधी क्रीम लावलं नाही, हे तीस वर्षांत ज्याच्या लक्षात आलं नाही त्या माणसाशी सकाळी सकाळी वाद कोण घालणार? मी "हं" म्हटलं आणि दोन ओळी आणखी वाचल्या. आणि मग त्या ओळींच्या मध्येच कुठेतरी माझं वाचन अडखळलं. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. "कुठलं क्रीम?" मी विचारलं. "अगं, फ्रीजमधलं. वरच्या कप्प्यात, अगदी मागे होतं ते. निळ्या झाकणाच्या डबीतलं. वर नाव नव्हतं, म्हणून आधी वास घेतला. मातीचा वास आला. म्हटलं काहीतरी औषधी असणार. चार दिवस लावतोय. आज आंघोळ झाल्यावर शेवटचं लावलं." त्यांचा चेहरा असा फुलला होता, की जणू एखाद्या पोराने वर्गात बरोबर उत्तर दिलंय. मी वर्तमानपत्राची घडी घातली. नीट घातली, कडा जुळवून. माणूस घाबरला की काय काय करतो.

मी बुरश्या सांभाळते. पोटासाठी सांभाळते आणि आता इतकी वर्षं झाली की दुसरं काही येतही नाही. आमच्या संस्थेच्या तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला एक शीतगृह आहे, आणि त्यात काचेच्या थाळ्यांमध्ये आणि नळ्यांमध्ये ध्रुवांकडून आणलेल्या बुरश्या आहेत. भिंतीला लागते ती, पावावर येते ती, तसली बुरशी नव्हे. ह्या थंडीतच वाढणाऱ्या. जरा ऊब मिळाली की माना टाकतात. त्यातली एक माझी स्वतःची. म्हणजे ध्रुवाजवळच्या एका उजाड डोंगरावरून आलेला दगड फोडून, त्याच्या दाण्यादाण्यांमधल्या फटीतून मी तिला हाताने बाहेर काढली आणि वाढवली. तिला कागदावर एक लांबलचक नंबर आहे. घरात मात्र तिला धाकटी म्हणतात. मुलगी झाली त्यानंतर तिसऱ्या वर्षी ती आली, म्हणून. मुलगी थोरली झाली आणि तिने हे नाव फार मोठ्या मनाने मान्य केलं; अजून फोनवर आधी बाबांची चौकशी करते, मग धाकटीची. ही धाकटी दगडाच्या पोटात वर्षातला बराचसा काळ काहीही करत नाही. दगडावर थोडं ऊन पडलं, बर्फाचा एखादा थेंब वितळला, की तेवढ्यात जेवून घेते आणि पुन्हा गप्प बसते. आमच्या संस्थेत अशी माणसंही होती, पण त्यांच्यावर कुणी संशोधन केलं नाही.

आणि ती निळ्या झाकणाची डबी म्हणजे धाकटी होती. नुसती धाकटी नव्हे. परवापासून जगात उरलेली एकुलती एक धाकटी. परवा सुट्टी होती आणि त्या सुट्टीत शीतगृहाच्या यंत्राला काय झालं कोण जाणे, थंड करायचं सोडून ते नुसता वारा घालत राहिलं. काल सकाळी मी नेहमीप्रमाणे जाडजूड कोट चढवून, कानटोपी घालून आत शिरले, थाळ्या बघायला लागले, आणि घामाने निथळायला लागले. मला वाटलं, वयाप्रमाणे होतंय. बायकांना ह्या वयात असं होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, म्हणून मी कोटासकट सोसत उभी राहिले आणि काम करत राहिले. मागून माझी विद्यार्थिनी आली आणि म्हणाली, "मॅडम, इथे उकडतंय का हो?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर सगळं संपलं होतं. बाकीच्या बुरश्यांचं ठीक होतं. त्यांच्या जोडप्रती दुसऱ्या शहरांतल्या दुसऱ्या संस्थांमध्ये होत्या, मागवल्या की येतील. धाकटी मात्र कुणी कधी मागितलीच नव्हती, म्हणून कुठे पाठवली नव्हती. आणि डीप-फ्रीजरमध्ये ठेवावी, तर तिथे ती मरते. ध्रुवावरून आलेली बुरशी आणि गोठवली की मरते! ह्या विषयावर मी भाषणात नेहमी एक विनोद करायचे. काल तो मला आठवला आणि अजिबात हसू आलं नाही. तरी मी काल रात्री शांत झोपले. कारण आमच्या धंद्यात एक शिरस्ता आहे: जे महत्त्वाचं, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली ठेवायची. तो मी पाळला होता. माझी दुसरी प्रत माझ्याच छपराखाली होती, टोमॅटोंच्या मागे.

आधी ती काचेच्या नळीत असायची. पण नळ्या फ्रीजमध्ये घरंगळतात, आणि मास्तरांनी फ्रीज हाती घेतल्यापासून घरंगळणारी वस्तू त्यांना खपत नाही. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांनी पुस्तकांची कपाटं लावली, मग माळा लावला, मग इमारतीच्या जिन्यातले दिवे कुणी किती वेळ चालू ठेवतं ह्यावर लक्ष ठेवलं, आणि सगळं लावून संपल्यावर ते फ्रीजकडे वळले. फ्रीजचे त्यांनी कटिबंध पाडले. दाराचे खण उष्ण, मधले कप्पे समशीतोष्ण, आणि वरच्या कप्प्याचा मागचा कोपरा ध्रुव. कुठली भाजी कुठल्या कटिबंधात जाईल ह्यावर आमच्याकडे चर्चा होत. तर, त्यांना नळी नको होती म्हणून मी थोरलीने भेट दिलेल्या क्रीमची डबी रिकामी केली, क्रीम बहिणीला देऊन टाकलं, डबी उकळली, तिच्यात बुरशीला लागणारा जेलीसारखा खुराक ओतला आणि धाकटीला तिथे राहायला पाठवलं. वर चिठ्ठी चिकटवली: नंबर, तारीख आणि 'हात लावू नये'. फ्रीजच्या दमटपणाने चिठ्ठी सुटली असणार. सुटून कुठे गेली असेल ती गेली. आणि उघडलं तर आत काय दिसलं असेल? गुलाबीसर, थंडगार, मऊ. मी तिऱ्हाईत असते तर मीसुद्धा लावलं असतं.

"डबीत थोडं तरी उरलंय का?" मी विचारलं. माझा आवाज मला चांगला वाटला, अगदी नेहमीचा. "छे, पुसून काढलं," मास्तर म्हणाले. "डबी धुऊनसुद्धा ठेवली. गरम पाण्याने, साबण लावून. आता तिच्यात पृथ्वीगोलाचे स्क्रू ठेवलेत. उत्तर ध्रुवाचा स्क्रू सारखा निसटतो ना." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण त्यांचं हसू जरा कमी झालं. "उजव्या टाचेला मुद्दाम नाही लावलं हं. तुलनेसाठी. तुम्ही लोक नाही का एक नमुना तसाच ठेवता?" मला माहीत होतं की डबी पुरली नाही म्हणून उजवी टाच राहिली. मी उठले. मी त्यांना सगळं सांगितलं: शीतगृह, यंत्र, धाकटी, डबी. सांगताना माझा आवाज चढत गेला आणि शेवटी मी म्हणाले, "तुम्हाला दुसरा काही उद्योग नाही का हो?"

मास्तरांनी पाय टेबलावरून हळूच खाली घेतला. "नाही," ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी विचार केला, आपण खोटं बोलत नाही ना हे तपासल्यासारखा. "खरं म्हणजे नाही."

मला त्या वेळी त्यांची दया आली नाही. नंतर आली, आणि फार आली, पण तेव्हा नाही. तेव्हा मला फक्त राग होता आणि भीती होती, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून फ्रीजचं दार उघडून ध्रुवाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते. माझं म्हणून जगात काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर मी तिचंच नाव घेतलं असतं. घर दोघांचं, मुलगी दोघांची, आणि ती तर आता तिच्या नवऱ्याची जास्त. धाकटी माझी. तिच्यावर किती जणांनी तोंड वाकडं केलं! आमचे संचालक आहेत, त्यांना मी उपयोगपंत म्हणते, कारण भेटल्यावर नमस्काराच्या आधी ते 'उपयोग काय?' असं विचारतात. त्यांना मी ध्रुवावरच्या बुरश्यांचे उपयोग वर्षानुवर्षं सांगत आले. काहींच्या अंगातून असा पदार्थ सुटतो की बर्फाचे मोठे खडे धरत नाहीत. आइसक्रीम करकरीत लागणार नाही. काही गार समुद्रात सांडलेलं तेल खातात. काहींचा काळा रंग कडक उन्हाला अडवतो, उद्या माणसाच्या कातडीलाही अडवू शकेल. आणि धाकटीचा रस थंडगार पाण्यातसुद्धा तेलकट डाग पोखरून काढतो. पाणी तापवायला नको, कपडे गार पाण्यात स्वच्छ. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी 'असं होऊ शकेल' म्हणायचे, कारण खरं तेवढंच होतं. 'शकेल म्हणजे अजून होत नाही,' उपयोगपंत म्हणायचे आणि घड्याळ बघायचे. मागच्या आठवड्यात शेवटी एका साबणाच्या कारखान्याने विचारणा केली. पुढच्या महिन्यात त्यांची माणसं धाकटीला बघायला येणार होती. आली नाहीत, किंवा आली आणि दाखवायला काही नसलं, तर शीतगृह कँटीनला भाज्या ठेवायला द्यायचं असं ठरलेलं होतं. मी धाकटीला दाखवायला काढणार होते, आणि मास्तरांनी तिला टाचेला फासली.

टाचेला. मी फ्रीजचं दार तसंच उघडं ठेवून वळले. टाचेवर ती मरणारच. माणसाच्या अंगाची ऊब तिला सोसवत नाही, घटकाभरात खलास. माणसाच्या. पण मास्तरांचे पाय! लग्न झाल्याच्या पहिल्या आठवड्यात मी दचकून उठले होते, मला वाटलं पांघरुणात काहीतरी ओलं शिरलंय, आणि ते मास्तरांचे पाय होते. त्यानंतर तीस वर्षं आमच्या संसारात ह्याच एका गोष्टीवरून जितकी भांडणं झाली तितकी सासूवरूनही नाहीत. मी लोकरीचे मोजे विणून दिले, ते मोज्यांतही गार. गरम पाण्याची पिशवी दिली, ती गार पडली. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, रक्ताभिसरण जरा सावकाश आहे, काळजीचं काही नाही. मी म्हणाले, काळजी माझी करा. शेवटी मास्तरांनीच शिकून घेतलं. चुकून पाय लागला की ते "थंड आहेत" म्हणून स्वतःच ओढून घेतात, झोपेतसुद्धा. मी जमिनीवर बसले. "पाय द्या इकडे," म्हटलं. मी आयुष्यात कुणाचे पाय धरले नाहीत, बढतीसाठीसुद्धा नाहीत, पण त्या दिवशी धरला. पाय बर्फासारखा होता. आंघोळीनंतर अनवाणी फरशीवर फिरलेला, अजून न भरलेल्या बारीक भेगांत गुलाबीसर काहीतरी अडकून राहिलेला, थंडगार पाय. मला इतका आनंद झाला की मी त्याला बोट लावता लावता थांबले.

"हलू नका," मी म्हणाले. "पाय पुसू नका. भिजवू नका. कशाला टेकवू नका." "श्वास घेऊ का?" मास्तरांनी विचारलं. ते मनापासून विचारत होते. मी पायाला स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बांधली, बादली आणली, बर्फाच्या खणातले सगळे खडे तिच्यात ओतले, कमी पडले म्हणून गोठलेल्या मटारांची पिशवी टाकली, आणि त्यात पाय ठेवायला लावला. मग टॅक्सी बोलावली. जिन्यातून एका पायात चप्पल आणि एक पाय बादलीत असे मास्तर पायरीपायरीने उतरत होते. मी बादलीची कडी धरून पुढे. वरच्या मजल्यावरच्या वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "मुरगळला का हो?" मास्तर म्हणाले, "नाही, त्यात बुरशी आहे," आणि वहिनींनी दार लावून घेतलं. टॅक्सीवाल्याला मी म्हणाले, एसी पूर्ण करा. तो म्हणाला, "बाई, आत्ताच गारठलोय." मी म्हणाले, वर काय लागतील ते देईन. त्याने आरशातून बादलीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "काय झालंय साहेबांना?" "मी ठीक आहे," मास्तर म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "ही जी माझ्याबरोबर आलेली आहे, ती जरा नाजूक आहे." टॅक्सीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि एसी वाढवला.

सिग्नलला गाडी थांबली आणि मला रडू आलं. एकदम, काही सूचना न देता. मास्तरांना वाटलं धाकटीसाठी, आणि होतंच ते, पण त्याच्या आत दुसरंही एक होतं, दगडाच्या आत बुरशी असते तसं. मी ध्रुवावर जाणार होते. थोरली दोन वर्षांची असताना माझी मोहिमेसाठी निवड झाली होती, कपडेसुद्धा मिळाले होते, आणि शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला तर रक्तदाब भलताच वर गेलेला. तो रोगाने नव्हता गेला, आनंदाने गेला होता. मी तसं सांगितलंही. डॉक्टर म्हणाले, "घरी जा, शांत व्हा, पुढच्या वर्षी या." पुढच्या वर्षी मोहीमच निघाली नाही. माझ्या जागी जे सहकारी गेले, ते आयुष्यभर ध्रुववीर म्हणून मिरवले. प्रत्येक समारंभात बर्फाच्या गोष्टी, प्रत्येक गोष्टीत त्यांची गोठलेली मिशी. तो दगड त्यांनीच आणला होता. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवायला मला दिला होता. ध्रुवावर जायचं राहिलं, पण ध्रुवावरची एक गोष्ट माझ्याकडे आली आणि माझ्याशिवाय ती कुणाला माहीत नव्हती. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्या काळी मास्तरांनी मात्र शाळेतून येताना मोठा नकाशा आणला होता, माझी वाट लाल पेन्सिलीने आखून ठेवली होती, आणि मी तपासणीहून परत आले त्या संध्याकाळी ती खोडरबराने थोडी थोडी करून पुसली होती. ते आत्ता टॅक्सीत आठवलं. तोवर इतकी वर्षं मला फक्त ध्रुववीरांची मिशी आठवायची. "रडू नकोस," मास्तर म्हणाले, "माझा पाय आता पार बधिर झालाय. म्हणजे तिला बरं वाटत असेल."

संस्थेच्या दारातच उपयोगपंत भेटले. "ते शीतगृहाचं कळलं," ते म्हणाले. "साबणवाले येणार आहेत, लक्षात आहे ना? ती बुरशी आहे ना?" "आहे," मी म्हणाले. "कुठे आहे?" मी बादलीकडे न बघण्याचा प्रयत्न केला. "वाटेत आहे," मी म्हणाले, आणि मास्तरांना लंगडत लंगडत बोळात नेलं. विद्यार्थिनी गुणी आहे, तिने काही विचारलं नाही. स्टुलावर मास्तर, समोर दिवा, शेजारी थाळ्या असं सगळं झटपट मांडलं. पिशवी सोडली, पाय पुढे घेतला, आणि तिने इतक्या वर्षांच्या सवयीने स्पिरिटचा बोळा उचलून टाच पुसायला हात पुढे केला. आमच्यात कुठल्याही गोष्टीचा नमुना घ्यायचा तर आधी वरची घाण मारायची, हे अंगात मुरलेलं असतं. मी किंचाळले. ती इतकी दचकली की बोळा मास्तरांच्या शर्टावर पडला. मग मी स्वतः बसले, सुई घेतली आणि भेगाभेगांतून कोरून थाळ्यांवर ठेवायला लागले. मास्तरांना गुदगुल्या होतात हे मी विसरले होते. ते स्टुलाची कड धरून, डोळे घट्ट मिटून, नाकातून आवाज काढत हसत होते आणि मधूनच "माफ कर, माफ कर" म्हणत होते. विद्यार्थिनीही हसायला लागली. मी त्यांना दोघांनाही रागावले आणि हसू आवरून पुढची भेग धरली.

नंतर फक्त वाट बघायची होती. थाळ्या शेजारच्या विभागाच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. धाकटीला घाई नसते. ती दिसायला आठवडे लागतात. तोवर मास्तरांच्या टाचेवर एरवी राहणारी मंडळी वर आली: एक पांढरी, एक पिवळी, एक जिला मी ओळखतही नव्हते. मी रोज थाळ्या बघायचे आणि घरी येऊन "अजून नाही" म्हणायचे. मास्तर मान हलवायचे. ते बदलले होते. फ्रीजला हात लावेनासे झाले. दूध हवं असलं तरी दारात उभे राहून विचारायचे, "काढू का?" एकदा भोपळी मिरची उष्ण कटिबंधात पडली होती आणि त्यांनी ती तशीच राहू दिली, मी बघितलं, त्यांनीही बघितलं. टोमॅटो ध्रुवावर, बटाटे दारात, सगळी पृथ्वी विस्कटली. मला ते बघवेना. 'दुसरा काही उद्योग नाही का' हे वाक्य मी ज्या आवाजात बोलले होते तो आवाज मला भांडी घासताना ऐकू यायचा. थोरलीचा फोन आला. "आई, बाबांना बुरशी लागलीय म्हणे?" मी म्हणाले, बुरशीला बाबा लागलेत. ती हसली, मग म्हणाली, "बाबा फोनवर काहीच बोलत नाहीत गं. फक्त टाच मऊ आहे म्हणतात." टाच खरंच मऊ होती. उजवी जशीच्या तशी भेगाळलेली आणि डावी गुळगुळीत. एका दुपारी मास्तरांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून दबक्या आवाजात विचारलं, हा उपयोग धरायचा का? मी म्हणाले, एका माणसाच्या एका टाचेवरून काही सिद्ध होत नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि मोजे घातले. त्या रात्री मला वाटलं, धाकटी मेली तर मेली, पण हा माणूस असा 'बरोबर आहे' म्हणत राहिला तर मी काय करू?

एके सकाळी पिवळीच्या आणि पांढरीच्या मधल्या रिकाम्या जागेत टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी होतं. मी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी ते तांदळाच्या कणीएवढं झालं, आणि त्याला कडेला चुण्या पडल्या. तशा चुण्या फक्त तिला पडतात. मी त्या अंधारातही ओळखीन. मी विद्यार्थिनीला हाक मारली नाही. थाळी हातात घेऊन उभी राहिले आणि एकटीच हसले, आणि बहुतेक रक्तदाबही वर गेला असेल. मग तिला वेगळी केली, नव्या थाळ्यांत लावली, दुरुस्त झालेल्या शीतगृहात ठेवली, आणि या वेळी न मागताही दोन संस्थांना पाठवली. साबणवाले आले, गार पाण्यात बुडवलेला तेलकट फडका त्यांनी दिव्यासमोर धरला, आपसात बोलले, पुन्हा येतो म्हणाले. शीतगृहात अजून तरी भाज्या आलेल्या नाहीत. नव्या नोंदीत 'कुठून मिळाली' असा एक रकाना असतो. ध्रुवावरचा दगड हे खरं होतं, पण ही जी आता जिवंत आहे ती दगडातून आलेली नाही. आमच्याकडे खोटं लिहून चालत नाही. मी लिहिलं: पती, डावी टाच.

घरी आले तेव्हा दुपार होती. मास्तर सोफ्यावर पृथ्वीगोलाचा स्क्रू बसवत होते. "जिवंत आहे," मी म्हणाले. त्यांनी स्क्रू खाली ठेवला. "सगळी?" "सगळी. तुमच्या टाचेतून आली. नोंदीत तसंच लिहिलंय." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी गोल फिरवायला घेतला. मग शाळेतला आवाज परत आला. "नुसतं टाच लिहून कसं चालेल? अक्षांश-रेखांश घातलेस का? मी काढून देतो. मोरीतलं स्टूल, तिथे लावली होती." मी म्हणाले, द्या काढून. आणि मग मीच म्हणाले, "एक जोडप्रत घरी ठेवावी लागेल. वरच्या कप्प्यात, मागे. चिठ्ठी या वेळी दोऱ्याने बांधा, डिंक सुटतो. आणि तो फ्रीज लावा बाई एकदाचा, मला काही सापडत नाही त्यात." "हात लावू नये, असं लिहू ना?" "लिहा." "मीसुद्धा नाही लावायचा?" "तुम्ही लावला नसतात तर कुठे होती ती?" मी म्हणाले. ते खरं म्हणजे बरोबर नव्हतं. त्यांनी हात लावला नसता तर ती आरामात डबीत असती. मास्तरांना हे कळलं, मला कळलं हेही त्यांना कळलं, आणि दोघांनीही ते तिथेच राहू दिलं.

मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि पाय वर घेतले. माझे तळवे त्यांच्या पावलांना लागले. त्यांनी नेहमीप्रमाणे झटकन पाय ओढून घेतले. "थंड आहेत," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हणाले. "राहू द्या इथेच."